एकवीस जागा आणि उशिरा उघडलेलं दार : २०१७च्या युवा विश्वचषकासाठी भारताचा संघ कसा ठरला

९ ऑक्टोबर २०१७. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, ८२वं मिनिट, कोलंबिया १-० ने पुढे. संजीव स्टालिनने कॉर्नर घेतला. बॉक्समध्ये ढकलाढकली चाललेली, आणि त्या गर्दीतून एक डोकं सगळ्यांच्या वर आलं. जिक्सन सिंगचा हेडर जाळ्यात गेला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल. टीव्हीसमोर बसलेले आम्ही सगळे उभे राहिलो, आणि खाली बसायच्या आत ८३व्या मिनिटाला पेन्यालोसाने कोलंबियाचा दुसरा गोल केला. १-२. संपलं.

त्या एका मिनिटावर तेव्हा भरपूर लिहून आलं. मला मात्र त्यातली वेगळीच गोष्ट राहून राहून आठवते. गोल करणारा मुलगा मूळ संघात नव्हताच. विश्वचषकासाठी तयार होत असलेल्या कॅम्पमध्ये तो फार उशिरा आला, आणि तो कसा आला हे समजून घेतलं की वयोगटाचा राष्ट्रीय संघ निवडणं म्हणजे काय भानगड असते ते बऱ्यापैकी कळतं.

फिफाने २०१७च्या सतरा वर्षांखालील स्पर्धेचं यजमानपद भारताला दिलं डिसेंबर २०१३ मध्ये. स्पर्धेत खेळता येणार होतं १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. म्हणजे यजमानपद मिळालं त्या दिवशी या संघातला थोरल्यातला थोरला मुलगाही चौदा वर्षांचा झालेला नव्हता. कर्णधार अमरजित सिंग कियाम आणि जिक्सन, दोघेही २००१ सालचे, तर बाराच्या आसपास. यजमान म्हणून प्रवेश थेट. पात्रता फेरी नाही, त्यामुळे वाटेत कुणी तुमची परीक्षाही घेणार नाही. चार वर्षं हातात, पैसा आहे, परदेश दौरे आहेत. ऐकायला सोन्यासारखी संधी. निवड करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हाच सापळा होता. संघ लवकर बांधायचा तर तेरा-चौदा वर्षांची पोरं निवडावी लागतात, आणि त्या वयात मैदानावर जे दिसतं त्यातलं निम्मं खोटं असतं.

खोटं म्हणजे काय, ते कुठल्याही ट्रायलला उभं राहून बघा. सकाळी दीडशे-दोनशे मुलं. पाठीवर पिनेने लावलेले नंबर, रंगीत बिब, वीस-पंचवीस मिनिटांचे सामने. कडेला तीन-चार माणसं पॅड घेऊन. एकमेकांना न ओळखणारी बावीस मुलं एकत्र सोडली की पास कुणीच देत नाही. ज्याच्याकडे चेंडू जातो तो तिघांना चकवायला बघतो, कारण दिसायचं असतं. अशा सामन्यात उठून कोण दिसतो? ज्याची मिसरूड फुटली आहे तो. त्याचे पाय लांब, खांदे रुंद, धक्का दिला की समोरचा पडतो. पॅडवर त्याच्या नंबरासमोर बरोबरची खूण होते. कडेकडेने खेळणारा, मान वळवून आधीच बघून ठेवणारा, एका स्पर्शात चेंडू सोडणारा किडकिडीत मुलगा सामना संपेपर्यंत कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरीने चौदाच्या आसपास येतो, पण सरासरीच्या अलीकडे-पलीकडे एक-दोन वर्षं सहज होतात. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांत शरीराने तीन-चार वर्षांचं अंतर असू शकतं. दोघंही खरे, कुणाचाच दाखला खोटा नाही.

त्यात जन्ममहिन्याची भर. वयोगट १ जानेवारीला सुरू होतो, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. तेराव्या वर्षी हे वर्ष फार मोठं असतं. जगभरच्या युवा संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची गर्दी दिसते ती यामुळेच. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने यावर एक साधा तोडगा काढला. उशिरा वाढणाऱ्या मुलांचा समांतर राष्ट्रीय संघच उभा केला, म्हणजे आज कमी पडणारी मुलं यंत्रणेतून बाहेर फेकली जाऊ नयेत. आपल्याकडे तेव्हा एकच संघ नीट उभा राहण्याची मारामार होती, दुसऱ्याची गोष्ट कोण काढणार!

आणि मग आपला जुना आजार, वय चोरण्याचा. गावोगावच्या शालेय स्पर्धांत 'हा पोरगा सोळाचा? अरे, दाढी करून आलाय' हा विनोद सगळ्यांनी ऐकलेला असतो. सतरा वर्षांखालील विश्वचषकात हा विनोद चालत नाही. २००९च्या नायजेरियातल्या स्पर्धेपासून फिफा मनगटाचा एमआरआय करते. मनगटाजवळ हाडाच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, वाढ पूर्ण झाली की ती हाडात मिसळून जाते. ती पूर्ण मिसळलेली दिसली तर मुलगा सतराच्या आतला असण्याची शक्यता नगण्य, असं हे गणित. त्याच वर्षी यजमान नायजेरियाच्याच तयारीतल्या संघातले बरेच खेळाडू या चाचणीने आयत्या वेळी गळाले होते. हे उदाहरण समोर असताना भारताला धोका पत्करणं शक्य नव्हतं. स्वतःच्या घरच्या स्पर्धेत तुमचाच खेळाडू बाद झाला तर तोंड दाखवायला जागा नाही. तेव्हा निवडीची पहिली चाळणी फुटबॉलची नव्हतीच, हाडांची होती. तिचा एक तोटा कुणी फारसा बोलत नाही. ती हाडाचं वय सांगते, जन्मतारीख नाही. खरोखर सोळाचा असलेला पण लवकर भरलेला एखादा अभागीही तिच्यात अडकू शकतो. संख्येने असे फार थोडे, पण त्या मुलासाठी ते थोडं नसतं.

जर्मनीचे निकोलाय अ‍ॅडम २०१५ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले. मुलांना गोव्यात एकत्र ठेवून त्यांच्याभोवती सगळी यंत्रणा उभी केली गेली. याला पर्याय होता असं मला वाटत नाही. अमेरिका किंवा इंग्लंडची मुलं आपापल्या क्लबच्या अकादमीत आठवडाभर सराव करतात, शनिवार-रविवार चुरशीचे सामने खेळतात, आणि राष्ट्रीय प्रशिक्षकाला फक्त त्यांतून वेचायचं असतं. आपल्याकडे या वयाला वर्षभर चालणारी दमदार लीगच नव्हती. मुलांना घरी पाठवलं असतं तर ती वर्षाला पाच-सहा खरे सामने खेळली असती. म्हणून कायमचा कॅम्प. आहार, व्यायाम, दौरे, सगळं एका छपराखाली.

कॅम्पची किंमत हळूहळू वसूल होते. पंचवीस-तीस मुलं रोज एकमेकांविरुद्धच खेळतात. राखीव उजव्या बॅकला माहीत असतं की आपण राखीव आहोत, पहिल्याला माहीत असतं की आपण पहिले आहोत. प्रशिक्षकही नकळत कॅम्पमधल्याच मुलांची कॅम्पमधल्या मुलांशी तुलना करायला लागतो. बाहेर कोण वाढलं, कोण सहा इंच उंच झालं, हे बघायला वेळ कुणाला? सप्टेंबर २०१६ मध्ये गोव्यातच आशियाई सोळा वर्षांखालील स्पर्धा झाली. सुरेश सिंग वांगजमच्या नेतृत्वाखाली संघ यूएईकडून २-३ हरला, सौदी अरेबियाशी ३-३ बरोबरीत सुटला आणि इराणकडून ०-३ पडला. वाईट नाही. पण वर्षभराने यांच्यापेक्षा तगडे समोर येणार होते. पुढच्याच महिन्यात ब्रिक्स देशांच्या स्पर्धेत ब्राझीलविरुद्ध १-३ हरताना कोमल थाटलने गोल केला, आणि संघाला एक चेहरा मिळाला. कोमल लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२०१७च्या सुरुवातीला अ‍ॅडम गेले. स्पर्धेला आठ-नऊ महिने उरले असताना प्रशिक्षक बदलणं हे संकटच. मार्चमध्ये पोर्तुगालचे लुईश नॉर्टन द मातोश आले. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात भाग्याची गोष्ट हीच, आणि ती कुणी ठरवून केलेली नव्हती. नव्या माणसाला कुणाचंच देणं नसतं. दोन वर्षं घाम गाळलेल्या मुलाला 'तू नको' म्हणताना जुन्या प्रशिक्षकाचा हात थरथरतो, कारण त्याला आणणाराही तोच असतो.

त्या सुमारास पंजाबातल्या मिनर्व्हा अकादमीच्या मुलांनी एका सराव सामन्यात राष्ट्रीय संघालाच हरवलं. आता, अशा सामन्याचे दोन अर्थ काढता येतात. एक, सराव सामना होता, मुलं दमलेली होती, सोडून द्या. दुसरा, ज्यांना आपण देशातली सर्वोत्तम म्हणतो त्यांच्याइतकीच चांगली मुलं बाहेर आहेत. मातोश यांनी दुसरा काढला. अखेरच्या एकवीस जणांत मिनर्व्हातून आलेले चौघे होते. जिक्सन सिंग, अन्वर अली, नोंगदंबा नाओरेम आणि मोहम्मद शाहजहान. जिक्सन कर्णधार अमरजितचा चुलत भाऊ. एक भाऊ आत, दुसरा दाराबाहेर, असा काळ त्या घराने पाहिला असणार.

दुसरं दार परदेशात उघडलं. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही आणि राष्ट्रीय संघात खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो, त्यामुळे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या मुलांचा प्रश्नच मिटतो. उरतात थोडे. मुंबईत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला आणि भारतीय पासपोर्ट असलेला बचावपटू नमित देशपांडे असा सापडला. कॅनडात वाढलेला सनी धालीवाल तिसरा गोलरक्षक झाला.

चार अधिक दोन, सहा. एकवीसमधल्या सहा जागा मूळ गाभ्याच्या बाहेरून भरल्या गेल्या, आणि त्याच हिशेबाने सहा मुलं कॅम्पमधून घरी गेली. त्यांची नावं कुठल्या बातमीच्या मथळ्यात नाहीत. सोळाव्या वर्षी, शाळा मागे पडलेली असताना, 'विश्वचषकाच्या संघातला' ही ओळख घेऊन दोन वर्षं जगलेला मुलगा बॅग भरून गावी परततो, तेव्हा त्याचं पुढे काय करायचं याचा आराखडा निवडीइतकाच आधी तयार हवा. तो होता असं कुठे दिसलं नाही.

मे महिन्यातला एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इटलीत भारतीय मुलांनी २-० असा सामना जिंकला आणि 'भारताने इटलीला हरवलं' म्हणून देशभर डंका वाजला. दोन दिवसांत कळलं की समोर इटलीचा राष्ट्रीय संघ नव्हता, खालच्या श्रेणीच्या क्लबांतून निवडलेली मुलं होती. हसून सोडायची गोष्ट आहे खरी. पण ज्याला संघ निवडायचा आहे त्याने अशा निकालावर कुणाचं मोल ठरवलं तर? दौऱ्यातल्या सामन्याचा स्कोअर वाचण्याआधी समोर कोण होतं ते वाचायचं असतं. त्या दृष्टीने ऑगस्टमधला मेक्सिकोचा दौरा जास्त प्रामाणिक होता. यजमानांकडून १-५, कोलंबियाकडून ०-३, चिलीशी १-१. तिथे कुठे उभे आहोत ते दिसलं.

सप्टेंबरमध्ये यादी आली. तीन गोलरक्षक, सहा बचावपटू, दहा मिडफिल्डर, दोन फॉरवर्ड. नावं बाजूला ठेवून नुसते आकडे बघा. दोन फॉरवर्ड! रहीम अली आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव. म्हणजे प्रशिक्षकाने आधीच ठरवलं होतं की चेंडू बहुतेक वेळ समोरच्यांकडे असणार, आपण दाटीवाटीने मागे उभं राहायचं आणि संधी मिळाली तर पळायचं. यादी ही डावपेचाची पहिली कबुली असते. 'देशातले सर्वोत्तम एकवीस' असा तिचा अर्थ कधीच नसतो. ठरावीक तीन संघांविरुद्ध ठरावीक पद्धतीने खेळायला लागणारे एकवीस, इतकाच.

नकाशावर यादी पसरली तर आणखी एक गोष्ट टोचते. एकवीसपैकी आठ मणिपूरचे. २०११च्या जनगणनेत मणिपूरची लोकसंख्या साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास, महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटी. महाराष्ट्रात वाढलेला एकटा अनिकेत, तोही पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीतून पुढे आलेला. ज्या कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या नावाने फुटबॉल संघ चालतात, शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठांमध्ये दुसरा विषय नसतो, तिथून एक! कोल्हापूरच्या मातीत खेळ नाही असं कुणी म्हणणार नाही. पण पेठेच्या मैदानापासून राष्ट्रीय कॅम्पपर्यंत जाणारी वाट मुलाला दहाव्या-बाराव्या वर्षी सापडायला लागते, आणि ती सापडणं अजून नशिबावर आहे. मणिपूरमध्ये ती वाट आधीच्या पिढ्यांनी चालून मळवलेली आहे.

कर्णधार कोण, हे मातोश यांनी मुलांनाच मतदानाने ठरवू दिलं. मत अमरजितला. सुरेशकडून कर्णधारपद गेलं, पण तो संघात राहिला आणि त्यावरून काही धुसफूस झाल्याचं दिसलं नाही. सतराच्या आतल्या मुलांनी हे पचवलं याचं मला आजही कौतुक आहे.

६ ऑक्टोबरला पहिला सामना, अमेरिकेशी, ०-३. सुरुवातीच्या अकरांत कोमल होता, अनिकेत होता, सुरेश होता. तीन दिवसांनी कोलंबियाविरुद्ध चार बदल. कोमल, अनिकेत, सुरेश आणि स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, जितेंद्र सिंग बाहेर. बोरिस सिंग, नमित, जिक्सन आणि रहीम आत. ब्राझीलला गोल मारणारा, संघातला सगळ्यात कसबी ड्रिब्लर बाकावर बसवला म्हणून तेव्हा बरीच ओरड झाली, आणि चाहता म्हणून माझाही जीव तुटला होता. पण सामना बघितला की बदलाचं कारण उघड होतं. बचावासमोर सहा फुटांहून उंच जिक्सन उभा राहिला आणि कोलंबियाला मधून वाट मिळेनाशी झाली. पूर्वार्धाच्या शेवटी राहुल प्रवीणचा फटका खांबाला लागून परतला. तो चार बोटं आत असता तर आपण आज या निवडीबद्दल फारच वेगळ्या सुरात बोललो असतो. अन्वर, नमित, जिक्सन, त्या रात्रीच्या अकरांत तिघे बाहेरच्या दारातून आलेले होते. ऑगस्टमध्ये ०-३ हरवणाऱ्या संघाशी ऑक्टोबरमध्ये १-२.

लगेच टाळ्या वाजवायला नकोत. १२ तारखेला घानाने ०-४ असं धुतलं, त्यातले दोन गोल शेवटच्या चार-पाच मिनिटांत, पाय जड झाल्यावर. तीन सामने, शून्य गुण, एक गोल केला, नऊ खाल्ले. एका कॉर्नरवरच्या हेडरने निवड बरोबर ठरत नाही आणि नऊ गोलांनी चूकही ठरत नाही. निवड तपासायची ती त्या वेळी काय माहीत होतं यावर. मला पटत नाही ते एवढंच, की बाहेर बघायला मिनर्व्हाकडून हरावं लागलं. दर तीन महिन्यांनी बाहेरच्या एखाद्या तगड्या संघाशी सामना, आणि प्रत्येक वेळी कॅम्पच्या शेवटच्या पाच जागा खुल्या, असा नियम पहिल्या दिवसापासून ठेवता आला असता. त्याने मुलं धास्तावतात, असा आक्षेप असतो. धास्तावतात. पण सप्टेंबरमध्ये अचानक बाहेर पडण्यापेक्षा दर तिमाहीला परीक्षा आहे हे माहीत असणं बरं, आणि गेलेल्यालाही परतीचा रस्ता राहतो.

दुसरा सवाल अजून अवघड आहे. आपण ऑक्टोबर २०१७चा संघ निवडत होतो की २०२२चा? दोन्ही उत्तरं एकाच यादीत मावत नाहीत. ऑक्टोबरला धक्के खाणारी भरलेली शरीरं लागतात, पाच वर्षांनी ते शरीर सगळ्यांनाच आलेलं असतं आणि उरतो तो फक्त पायातला आणि डोक्यातला खेळ. भारतीय फुटबॉल महासंघाने निदान एक बरं केलं, स्पर्धा संपल्यावर या मुलांना वाऱ्यावर सोडलं नाही. इंडियन अ‍ॅरोज नावाने बहुतेकांना आय-लीग या क्लबांच्या राष्ट्रीय लीगमध्ये मोठ्यांविरुद्ध उतरवलं. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० हरवलं, हंगाम मात्र तळाला संपवला. सतरा-अठराच्या पोरांनी परदेशी स्टॉपरांच्या अंगावर जाऊन तळ गाठणं हे कॅम्पमध्ये एकमेकांना हरवण्यापेक्षा मला केव्हाही चालेल.

पुढे अमरजित, सुरेश, अपुया म्हणून ओळखला जाणारा लालेंगमाविया, रहीम, अन्वर आणि जिक्सन भारताच्या मोठ्या संघाकडून खेळले. पहिल्या सामन्यानंतर बाकावर गेलेला सुरेश मोठ्या संघात नेहमीचा झाला. अन्वरच्या हृदयात २०१९ मध्ये दोष सापडला, खेळायला मनाई झाली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आणि तो परतला. जुलै २०२३ मध्ये बेंगळुरूत भारताने दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकली. त्या संघात अन्वर होता, जिक्सनही होता. ब्राझीलला गोल मारणारा कोमल नव्हता.